बटलर आणि माझा बंब

मुलगी बघायला आलेल्या माणसानं मुलीकडं बघावं, एवढी साधी रीत आहे. माझे सासरे आले आणि थेट आमच्या पाण्याच्या भांड्यांकडं गेले. ओळीनं ठेवलेल्या हंड्या-घागरींना त्यांनी एकेक टिचकी मारली, दर वेळी कान जवळ नेला, आणि एका घागरीपाशी थांबून माझ्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, ही बुडाला गळती." गळत होतीच. आईनं तिला लाख लावून मागं सारून ठेवली होती. वडील ओशाळले. मी गूळपाणी घेऊन गेले तर त्यांनी तांब्याला टिचकी मारली, पाणी प्याले, आणि "सोयरीक पसंत हाय" म्हणून उठले. माझं नाव त्यांनी लग्नानंतर विचारलं.

त्यांचं नाव गोविंदराव. पण गावात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. आमचं गाव कळंबच्या अलीकडं, मांजरा नदीच्या बाजूला. तिथं लहानथोर सगळे त्यांना बटलर म्हणत. मी मामा म्हणायचे, कारण आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात.

तेव्हा सोलापूर इंग्रजाकडं होतं आणि आम्ही निजामाकडं. मामा तरुणपणी हद्द ओलांडून सोलापूरला गेले आणि एका गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर भांडी घासता घासता बटलर झाले. त्या सायबाला बाटलीतली बिअर पसंत नव्हती. तो म्हणे बंगल्याच्या मागं स्वतः बनवायचा. स्वतः म्हणजे, सायब खुर्चीत बसायचा आणि मामा बनवायचे. लढाई सुरू झाली तसा सायब निघून गेला. मामा एक खाकी कोट, दोन काटेचमचे आणि बिअरची तहान घेऊन कायमचे घरी आले. कोट ते उन्हाळ्यातही घालत. पिठलं झालं की चमच्याच्या टोकावर घेऊन चाखत आणि "क्वाएट ऑल राइट" म्हणत. ज्या दिवशी ते म्हणाले नाहीत, त्या दिवशी आत्याबाई संध्याकाळपर्यंत भांडी आपटत.

आमच्या ओढ्याला शिंदीची झाडं रगड होती. पिणारे शिंदी पीत आणि गप पडून राहत. मामा तिला तोंड लावत नसत. "शिंदी झाड करतंय," म्हणायचे. "त्यात माणसाचं काय कर्तब?" त्यांना हवी होती ज्वारीची बिअर. ज्वारी भिजवायची, ओल्या पोत्यात दाबून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, जात्यावर भरड काढायची. ती भरड ऊन पाण्यात मुरवून धोतरात गाळायची, आणि ते गोड पाणी कडू पाल्याबरोबर दिवसभर उकळायचं. मग निवलं की डेऱ्यात ओतून शिंदीचा गाळ विरजणासारखा घालायचा, म्हणजे ते फसफसतं. जातं अर्थातच माझ्या हातात असायचं. गावात या प्रकाराला सायबाची आंबील म्हणत. आंबील आम्हीही करतो, पण ती पिऊन कुणी इंग्रजी बोलत नाही.

निजामाच्या राज्यात पिणं गुन्हा नव्हता, घरी करणं गुन्हा होता. दारू-शिंदीचा मक्ता गुत्तेदाराकडं असायचा आणि तो मक्ता राखायला आबकारीचा जमादार घोड्यावरून गावोगाव फिरायचा. कुणाच्या घरी भट्टी सापडली की तो भांडं कुऱ्हाडीनं फोडायचा आणि माणसाला कळंबला घेऊन जायचा. हे मामांना चांगलं माहीत होतं. "आपलं काम उकळायचं," ते म्हणायचे. "धरायचं काम त्याचं. ज्यानं त्यानं आपलं काम नीट करावं."

आणखी एक सांगायला हवं. मामांना खोटं बोलता येत नसे. याला मी सद्गुण म्हणणार नाही, तो आळस होता. "खोटं बोललं की ते ध्यानात ठिवावं लागतंय," असं त्यांचं म्हणणं. "तेवढी जागा न्हाय डोक्यात." त्यामुळं घरात जे काही खोटं बोलायचं असेल ते आम्हा बायकांना बोलावं लागे.

सगळं अडलं होतं भांड्यावर. सोलापूरला सायबाकडं तांब्याचा मोठा बायलर होता आणि मामांच्या मते चव त्या बायलरमध्ये होती. "चव जिभंला मागनं कळती, भांड्याला आधी कळती," हे तर मी इतक्या वेळा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं. पहिल्यांदा त्यांनी मातीचा डेरा आणला. कुंभारानं बजावलं, "बटलर, हा पाण्याचा हाय, जाळाचा न्हाय." मामांनी टिचकी मारली आणि म्हणाले, "आवाज तर फर्स्टक्लास हाय." डेरा दुपारपर्यंत तगला आणि बुडातून गेला. चूल विझली, राखेचा चिखल झाला, आणि त्या दिवशी आत्याबाईंनी कुणालाच जेवायला वाढलं नाही.

मग त्यांनी पाटलाच्या गुऱ्हाळातली लोखंडी काहील मागून आणली. परातीसारखं पसरट ते भांडं, निम्मं पाणी वाफ होऊन गेलं. उरलं ते शाईसारखं काळं. फुकट जायला नको म्हणून म्हशीपुढं ठेवलं. तिनं हुंगलं, मान वर केली आणि मामांकडं बघत राहिली. मामा म्हणाले, "हिला कळतंय."

त्यानंतर देवळातलं भंडाऱ्याचं तपेलं. ते मागायला मामा गुरवाकडं गेले. गुरव भला माणूस होता.

"घेऊन जावा की. कशाला पायजे?" त्यानं विचारलं.

"दारू कराया."

गुरवानं कपाळाला हात लावला. "बटलर, निदान आमटी कराया म्हणायचं हुतं."

"आमटी करणार असतो तर म्हणलो असतो," मामा म्हणाले आणि हात हलवत परत आले.

मग एका सकाळी मामा आंघोळीला बसले आणि उठेनात. मी डोकावून पाहिलं तर अंगाला साबण तसाच, आणि मामा बंबापुढं उकिडवे बसून त्याच्याकडं बघत होते. बंब म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा उभा ढोल. मधून नळी, नळीत निखारे, नळीभोवती पाणी, आणि खाली पितळी तोटी. तो माझ्या वडिलांनी बार्शीच्या बाजारातून बैलगाडीत घालून आणला होता. लग्नात माझ्याबरोबर आलेली एवढी एकच मोलाची वस्तू.

"शेवंता," मामांनी न्हाणीतून हाक दिली. "हा बंब कुणाचा?"

"माझा. वडलांनी आंदणात दिलाय."

चुलीपाशी बसलेल्या आत्याबाई मान न वळवता म्हणाल्या, "सुनंचं काय असतंय घरात? अंगावरचं लुगडं सुदिक घराचं."

मामा ओल्या धोतरानं बाहेर आले. "मग म्या इचारायचं कुणाला?"

"इचारायचं कशाला? घ्या की."

मी मध्ये बोलले. सुनेनं बोलू नये अशा जागी बोलायची मला पहिल्यापासून खोड. "सकाळी आंघोळीचं पाणी आधी तापंल. मग काय उकळायचं ते उकळा. घासायचा तुमीच, चिंच लावून. आन् जमादारानं फोडला तर नवा आणून द्यायचा. बार्शीचाच."

मामांनी धोतराचा सोगा पिळला. "घासायचं कबूल," म्हणाले. "बाकीचं बगू. सायबाचा बायलर आन् हा, सख्खे भाऊ हायत गं." असं म्हणून त्यांनी बंबाच्या पाठीवरून हात फिरवला. नातवाच्या पाठीवरूनही त्यांनी तसा कधी फिरवला नव्हता.

नुसत्या तांब्यात असलं पाणी उकळलं तर ते कळकतं, म्हणून आतून कल्हई हवी. बंबाचं तोंड अरुंद. कल्हईवाला रसूलचाचा आला, त्यानं बाही सारून हात घातला, तो कोपरापाशी अडकला. "हात जाताच नै जी, बटलरसाब," तो म्हणाला. "ये पानी का है, इसकू कल्हई कौन करता?" मामा म्हणाले, "आपण करतो." मग दोघांनी बंब आडवा करून जाळावर फिरवून फिरवून तापवला, आत नवसागर आणि कथील टाकलं, कापसाचा बोळा लांब काठीला बांधून तोंडातून सारला, आणि बंब लोळवायला सुरुवात केली. आमच्या अंगणात जागा पुरेना, म्हणून रस्त्यावर घेतला. बंब तोंडानं पांढरा धूर सोडत गडगडत चाललाय, रसूलचाचा काठी घेऊन त्याच्या तोंडाबरोबर पळतोय, आणि मागं खाकी कोट घालून मामा "स्लो, स्लो" करत चाललेत. रस्ता देवळाच्या बाजूला उताराचा होता हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. बंब पारावर जाऊन थांबला. पण कल्हई अशी बसली की आत तोंड दिसावं.

गावानं हे सगळं पाहिलं आणि नवसागराचा वास नाकात भरून घेतला. नवसागर कल्हईला लागतो तसा चोरून दारू गाळणाऱ्यांनाही लागतो. बटलर भट्टी मांडतोय, ही बातमी पुढच्या बाजाराला कळंबला पोचली.

तेवढ्यात माझं दुसरं बाळंतपण झालं. पहिलं माहेरी, दुसरं सासरी, अशी रीत. मागच्या खोलीत माझी बाज होती आणि तिच्या खिडकीखालीच परसात बंब होता. सकाळी त्यात माझ्या अंगावर घ्यायचं पाणी तापायचं. निरगुडीचा आणि कडूनिंबाचा पाला घालून उकळलेलं ते पाणी तांबूस, कडवट वासाचं असतं, ज्यांच्या घरी बाळंतीण झाली त्यांना ठाऊक आहे. दुपारी मामा बंब धुऊन आपली ज्वारीची खटपट चालू करायचे. सोलापूरचा कडू पाला इकडं मिळेना, म्हणून त्यांनी किराईत आणि कडूनिंबाच्या चार डहाळ्यांवर भागवलं होतं.

पहिलंच चांगलं पाणी उकळत होतं आणि दारात घोडा थांबला. जमादार लछमनसिंग. हैदराबादेकडचा परदेशी, म्हणजे मूळ उत्तरेतल्या घराण्यातला, उंच, पिळलेल्या मिशांचा. घोड्यावरून उतरताना त्याचे दोन्ही गुडघे असे वाजले की मला खोलीत ऐकू आले.

तो सरळ परसात आला. "क्यों जी बटलर, क्या पका रे?"

मी खिडकीतून बघत होते. मामांनी तोंड उघडलं. ते आता खरं सांगणार हे मला दिसत होतं. आणि मग कुऱ्हाड माझ्या बंबावर आणि मामा कळंबला. मी आतून ओरडले, "आत्याबाई! माझ्या आंघुळीचं पाणी झालं का न्हाय अजून? पोर उठंल की!"

आत्याबाईंना मामांच्या बिअरचा तिटकारा होता. पण बाई हुशार. "झालंच, बाई!" त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या. "निरगुडी घातलीया, लिंब घातलाय, रंग तर उतरू दी!" आणि परसात येऊन पदर सावरत म्हणाल्या, "बाळंतिणीचं पाणी हाय, सरकार. पुरुषमाणसानं लांब उभं ऱ्हावं."

जमादारानं लांब उभं राहून हात लांब केला आणि तोटी सोडली. तांबूस, ऊन पाणी आलं. त्यानं वास घेतला, कडूनिंबाचाच होता. त्याचा चेहरा पडला. मग काहीतरी सुचून तो म्हणाला, "निरगुडी घुटनों के वास्ते अच्छी रहती ना?"

"निरगुडी गुडघ्याला चांगलीच असती," मामा म्हणाले. हे खरंच होतं, म्हणून त्यांना बोलता आलं.

जमादार धुण्याच्या दगडावर बसला आणि तुमान वर ओढून त्यानं गुडघे पुढं केले. "डालो."

मामा तांब्या तांब्यानं निववून आपली बिअर सरकारच्या गुडघ्यांवर ओतत होते. जळत्या घराकडं बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. जमादारानं डोळे मिटले आणि "हाय राम, हाय राम" चालू केलं. सगळी ओतून झाली तेव्हा तो उठला, चार पावलं चालला, आणि हसला. तो वर बसल्यावर घोडा मान वळवून त्याचा गुडघा चाटायला लागला. गावाच्या वेशीपर्यंत तो घोड्याला शिव्या देत गेला. मागं माशा.

आठवड्यानं तो पुन्हा आला. "बटलर! घुटने हलके हो गए!" ऊन पाण्यानं झाले असतील नाहीतर मनानं. आत्याबाईंनी त्या दिवशी खरंच निरगुडीचं पाणी दिलं. ते चार तांबे घेतल्यावर जमादार कुरकुरला, "ये नै जी. आज पतला है. वो चिकनाई नै इसमें." झालं. तेव्हापासून त्याच्या फेरीच्या दिवशी बंबात ज्वारीचं पाणी उकळून तयार ठेवावं लागे. ज्वारी आत्याबाई मापूनच देत, आणि दिलेली सगळी जमादाराच्या पायावर जाई. डेऱ्यात ओतायला कधी काही उरलंच नाही. मी दळायचं, मामांनी उकळायचं, आणि सरकारनं चोळायचं.

एका दुपारी मामा खिडकीखाली बसले होते. बाळंतिणीच्या खोलीत सासरा येत नाही, म्हणून आमचं बोलणं असं भिंतीतून चाले.

"शेवंता," म्हणाले, "सरकार पीत असतं तर समजलो असतो गं. सरकार अंगाला लावतंय."

"मग सांगा त्याला खरं."

"त्यानं इचारलं तर सांगीन."

"आन् मग बंब?"

थोड्या वेळानं चिंचेनं बंब घासल्याचा आवाज यायला लागला.

माझा सव्वा महिना संपला. मी पोराला घेऊन बाहेर यायला लागले, आणि त्याच आठवड्यात जमादार आला तो बैलगाडी घेऊन. बरोबर कळंबचा एक गाडीवान. माझे मालक शेतात होते. परसात मामा, आत्याबाई आणि मी.

"अब तो बहू का हो गया ना," जमादार म्हणाला. "बंब मेरेकू देओ."

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो.

"गुन पानी में नै, बंब में है," तो समजावून सांगू लागला. "घर पे वोच पाला उबाला मैं, वोच निरगुडी. कुछ नै हुआ. इस बंब का तांबाच अलग है जी."

"न्या सरकार, न्या," आत्याबाई घाईनं म्हणाल्या. एका बंबावर सगळं निभावतंय याचा त्यांना आनंदच झाला असावा. मी म्हणाले, "माझ्या वडलांनी दिलाय त्यो." जमादार माझ्याकडं बघून हसला. वाईट हसला नाही, लहान पोर रडल्यावर हसतात तसा. "दुसरा ले लेना, बेटी." जमादाराला नाही कोण म्हणणार? गाडीवानानं निखारे पाडले, बंबाला पोतं गुंडाळून मिठी मारली आणि उचलला. आत त्या दिवसाचं उकळलेलं पाणी होतंच, ते डचमळलं.

मामांनी कोटाची बटणं लावली. सगळी.

"खाली ठिव," ते गाडीवानाला म्हणाले. मग जमादाराकडं वळले. "जमादारसायब, गुण बंबात न्हाय. ज्वारीत हाय."

"क्या?"

"तुमी गुडघ्याला लावता ती दारू हाय. म्हंजी हुनार हाय. ज्वारी म्या भिजवली, म्याच उकळली. मला कळंबला न्या. बंब सुनंचा हाय, त्याला हात लावू नका."

मी पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. जमादार आधी मामांकडं बघत राहिला, मग बंबाकडं, आणि मग हळूच स्वतःच्या गुडघ्यांकडं. माशी बसली होती. ती त्यानं हाकलली नाही.

"इत्ते दिन?" तो म्हणाला.

"व्हय. इतके दिवस."

"ये अब्बी शराब है?"

आता इथं दुसरा कुणी असता तर त्यानं संधी साधली असती. मामा फक्त बरोबर उत्तर काय ते शोधत होते. "अजून न्हाय," म्हणाले. "आज नुसतं गोड पाणी. आज राती शिंदीचा गाळ घालीन. परवापासनं शराब."

"मतलब आज दवा है."

"आज दवा. परवा शराब."

गाडीवानानं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं होतं, तरी त्याचे खांदे हलत होते. जमादारानं ते पाहिलं, आणि मला वाटतं, पुढचं सगळं त्याला तिथंच दिसलं. कळंबच्या कचेरीत पंचनामा वाचला जातोय, मुद्देमाल कुठं कुठं चोळला ते कारकून विचारतोय, आणि दारातला शिपाई गुडघे धरून हसतोय. "चूप बैठ!" तो गाडीवानावर खेकसला. मग मामांना म्हणाला, "मैं आज आया था. आज मेरेकू दवा दिखी. परसों का मेरेकू क्या मालूम? परसों मैं इधर का रस्ताच नै लेता."

"आन् बंब?" मी विचारलं.

"बहू का है बोले ना? रखो." तो वळला, दोन पावलं गेला आणि पुन्हा फिरला. आवाज खाली आणून म्हणाला, "एक घागर दवा बांध के देओ. आज की."

मामांनी घागर भरून, तोंडाला फडकं बांधून गाडीत ठेवली. जमादाराची गाडी आणि घोडा दिसेनासे झाले तेव्हा ते बंबाजवळ आले आणि त्याच्याभोवती फिरले. "पोचा पाडला गाडीवाल्या भाड्यानं," एवढंच म्हणाले.

त्या काळी एखादी वस्तू सुनेची आहे असं सासरा चारचौघांत म्हणत नसे. सरकारी माणसापुढं, स्वतःचे हात पुढं करून तर नाहीच नाही. हे मला तेव्हाही कळलं होतं. मी काही रडले-बिडले नाही. पोर भुकेलं होतं, त्याला पाजायला घेतलं. मामांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. निजामाचं राज्य गेल्यानंतर तीनेक वर्षांनी ते गेले. जाताना माणूस काहीतरी बोलतो असं म्हणतात. मामा झोपेत गेले, कुणाला काही न सांगता, आणि तेराव्याला लोक त्यांच्या कोटाबद्दलच जास्त बोलले. मला मात्र त्यांचा म्हणून आठवतो तो जमादार गेल्यानंतरचा तिसरा दिवस.

तिसऱ्या दिवशी डेऱ्यावरचं फडकं काढलं. वर फेस होता. मामांनी बिअर गाळली, ओट्यावर पेला ठेवला, ओतली, आणि डोळे मिटून एक घोट घेतला. मी दारात, आत्याबाई चुलीपाशी.

"कशी झालीया?" मी विचारलं.

खोटं बोलता येत नव्हतं ना. "सायबाच्यापरीस कडू हाय," ते म्हणाले. "जरा पातळ बी हाय. पर बिअर हाय." आणि पेला माझ्यापुढं केला. मी घोट घेतला. कडबा भिजत घातलेल्या पाण्यासारखी लागली आणि मी तसं सांगितलं. मामांनी मान डोलावली, जणू मी बरोबरच बोलले होते.

आत्याबाई उठल्या. आल्या, माझ्या हातातून पेला घेतला, पदर तोंडाला लावून वास घेतला, नाक मुरडलं, आणि उभ्या उभ्या पेला रिकामा केला. मग त्या चुलीपाशी जाऊन बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मामांकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जात्यावर बसले होते. आत्याबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हातात ज्वारीचं भरलेलं सूप, मापून आणलेलं नव्हतं.

"शेवंता," त्या म्हणाल्या, भिंतीकडं बघत. "उद्याच्याला तुझा बंब मोकळा हाय का गं?"

पडवीत मामांना खोकला आला. तो खोटा होता हे मला कळत होतं.

मी जात्याचा एक फेरा पुरा केला. "बगते," मी म्हणाले.